पडण्याचा सराव

आमच्या हिंगोली जिल्ह्यात बास्केटबॉलची शिट्टी वाजवता येणारी माणसं मोजून चार होती. त्यातला मी एक. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी खेळाचा मास्तर आहे. म्हणजे सकाळच्या प्रार्थनेपासून मतदार याद्यांपर्यंत जे काम कोणालाच नको असतं ते माझ्याकडे येतं. पण पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा लागल्या की जिल्ह्याच्या ठिकाणी, सिमेंटच्या कोर्टावर, करडा शर्ट आणि काळी पँट घालून मी पंच म्हणून उभा राहायचो. तेवढे दोन दिवस माझ्या शब्दाला वजन असायचं, आणि ते मला फार आवडायचं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

कडक पंच म्हणून माझं नाव होतं, ते मुख्यतः एका गोष्टीवरून. धक्का न लागता पडणाऱ्या खेळाडूला मी सोडत नसे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बचाव करणारी मुलगी आपल्या जागी नीट उभी असेल आणि चेंडू घेऊन येणारी तिच्या अंगावर धडकली, तर चूक धडकणारीची. फाउल तिच्या नावावर लागतो, असे पाच झाले की ती बाहेर. मग पोरं काय शिकतात, तर नुसतं बोट लागलं तरी ‘आई गं’ करून पाठीवर पडायचं. पंचाला वाटतं जोरात धडक बसली. यावर नियम आहे. पहिल्यांदा ताकीद द्यायची, पुन्हा केलं तर पडणाऱ्यावरच टेक्निकल फाउल. त्याची खूण अशी, की कोपरापासून हात दोनदा वर उचलायचा. बहुतेक पंच आयुष्यात ही खूण करत नाहीत. मी करायचो. मला ते खोटं बोलण्यासारखं वाटायचं, आणि लेकरांना खोटं बोलायला शिकवणाऱ्या मास्तरांचा तर राग यायचा.

डोंगरकडा गावाकडच्या एका शाळेत एक तरुण शिक्षक नवीन लागला होता. त्याला पंच व्हायचं होतं. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर माझ्याकडे यायचा, आणि आम्ही दोघं नियमांचं पुस्तक घेऊन बसायचो. त्याला मी सांगितलं होतं, “मान बघत जा. खरा धक्का असला की आधी छाती मागं जाते, मग मान. नाटक असलं की मान आधी जाते. एकदा दिसलं की मागंपुढं बघू नको, हात वर कर.” त्यानं ते वहीत लिहून घेतलं होतं.

त्याच वर्षी आमच्या शाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदा जिल्ह्यात पहिला आला. त्याला कारण नववीतली एक मुलगी. शाळेपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर तिची वस्ती. बाप सेनगाव-हिंगोली रस्त्यावर प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवायचा. उंची बेताचीच, पण पाय असे की एकदा रोवले की हलायचे नाहीत. समोरून कोणीही येवो, ती हात वर करून उभी. धडक बसली तर एक पाऊल मागे जायची आणि पुन्हा तिथंच. तिला चुकवून पुढं जायला वाट शोधताना भल्याभल्या पोरींच्या हातून चेंडू निसटायचा.

विभागीय स्पर्धा एका मोठ्या शहरात होती. बंदिस्त हॉल, लाकडी फरशी. आमच्या मुली आधी त्या चकाकीलाच बिचकल्या. समोरचा संघ शहरातल्या एका मोठ्या शाळेचा होता. त्यांच्या मुली पडायच्या. बचाव करताना पडायच्या, चेंडू घेऊन जातानाही पडायच्या. आमची ही मुलगी नुसती उभी असायची, समोरची तिच्या बाजूनं जाताना कोसळायची आणि शिट्टी वाजायची. तिसऱ्या डावात आमच्या मुलीचे पाच फाउल भरले. बाहेर येऊन ती माझ्याशेजारी बसली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. आम्ही तीन गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर मी पंचांना गाठलं. माझ्याच वयाचा माणूस होता. मी म्हणालो, “सर, पडणाऱ्याला दंड करायचा नियम आहे ना?”

“आहे की,” तो घाम पुसत म्हणाला. “पण सर, मी टेक्निकल दिला आणि पोरीला खरंच लागलेलं निघालं तर? सगळे माझ्या नावानं ओरडणार. नाही दिला तर कोणी विचारत नाही. तुम्ही पण पंच आहात, तुम्हाला काय सांगायचं.”

परतीच्या एसटीत ती माझ्या मागच्या बाकावर होती. जिंतूर सोडल्यावर ती पुढं वाकून म्हणाली, “सर, म्या तिला हात बी लावला न्हाई.”

“मला माहीत आहे.”

“मंग तुमी काहून बोलला न्हाईत?”

“बोललो ना.”

“मंग काय म्हणले ते?”

मी खिडकीकडं तोंड केलं. पंच काय म्हणाला ते मी तिला सांगू शकलो नाही, कारण त्यात खोडून काढण्यासारखं मला काही सापडत नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की आपल्या मुलींनाही पडायला शिकवायचं. मनाला कारणं पुष्कळ दिली. संघ राज्यापर्यंत गेला तर दहावीला जादा गुण मिळतात, पुढं नोकरीच्या भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, खेड्यातल्या पोरींना दुसरं काय मिळणार. सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण हे, की त्या शहरातल्या संघाच्या मास्तरानं जाताना माझ्याशी हात मिळवला तेव्हा तो हसला होता.

शाळेमागच्या शेतकऱ्याकडून सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती मागून आणली आणि मुरमाच्या मैदानावर अंथरली. हनुवटी छातीला लावायची, हात बाजूला सोडायचे, आधी बूड टेकवायचं आणि मग पाठीवर घसरायचं. आवाज काढायचा, पण उशिरा नाही, धक्क्याबरोबर. पंचाची खूण पुरी होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. मुलींना काय मजा आली! एकमेकींवर पडून हसून हसून त्यांची पोटं दुखली. गावातल्या कापडवाल्या चाचांची मुलगी तर इतकी झकास पडायची, की बघायला शिपाई येऊन उभा राहायचा. इतक्या वर्षांत मी मुलींना सरावात एवढं खुश कधी पाहिलं नव्हतं.

ती मात्र पडत नव्हती. धक्का दिला की तिचा पाय आपोआप मागं जायचा आणि ती सावरायची. मी पुन्हा सांगायचो, ती पुन्हा सावरायची.

“सर, माझ्यानं व्हत न्हाई. पाय ऐकतच न्हाईत.”

“ऐकत नाहीत की तुला ऐकवायचे नाहीत?”

“तसं न्हाई सर.”

“मग कसं? तुझ्या एकटीच्या खरेपणापायी आठ पोरींचं राज्य गेलं, कळतं का?”

हे मी सगळ्यांसमोर बोललो. ते खरं नव्हतं हे मला बोलतानाही माहीत होतं. तिच्यामुळे तर आम्ही तिथवर पोचलो होतो. तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला मुख्य पाच जणींतून काढलं. ती रोज यायची, बाजूला उभी राहायची, बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची.

जानेवारीतली गोष्ट असेल. एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर शाळेत गेलो. मैदानावर कोणीतरी होतं. तीच होती. पोती अंथरून एकटी पडायचा सराव करून राहिली होती. उभी राहायची, डोळे मिटायची, पडायची, उठून कपडे झटकायची, पुन्हा उभी राहायची. तोंडानं आवाज नाही, चेहऱ्यावर काही नाही. मी फाटकापाशी थांबून बराच वेळ बघत होतो. थांब म्हणावंसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, चला, शेवटी वळणावर आली.

पुढच्या वर्षी जिल्ह्याची अंतिम फेरी पुन्हा आमच्या वाट्याला आली. ती आता दहावीला होती. माझा संघ खेळत असल्यानं मला पंच होता येत नव्हतं. त्यामुळं शिट्टी त्या डोंगरकड्याकडच्या तरुण शिक्षकाकडे होती. त्या दिवशी तिचा बाप पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आला होता. जीप दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन, धुतलेला पांढरा शर्ट घालून, जाळीला हात लावून तो उभा होता.

आमच्या मुली शिकवल्याप्रमाणे पडू लागल्या. पहिल्या डावात दोन शिट्ट्या आमच्या बाजूनं झाल्या. दुसऱ्या डावात कापडवाल्यांची मुलगी पडली, तेव्हा त्या पोरानं शिट्टी वाजवली, तिच्याजवळ गेला आणि ताकीद दिली. दोन मिनिटांनी आमची कप्तान पडली. त्यानं क्षणभरही न थांबता कोपरापासून हात दोनदा वर उचलला. टेक्निकल.

मधल्या सुट्टीत मी त्याला कोर्टाच्या कोपऱ्यात गाठलं. म्हणालो, “शिट्टी धरायला तुला मी शिकवलं. आता माझ्याच पोरींना नियम दाखवतो?”

तो हळू आवाजात म्हणाला, “सर, तुमीच सांगितलं व्हतं. मान आधी गेली.”

“मान कोणाची आधी गेली ते तुला एवढ्या लांबून दिसलं? पोरीला खरंच लागलं असेल तर? तिच्या आईबापाला तू उत्तर देणार? लिहून दे मला तसं, सही कर.”

त्याचा चेहरा उतरला. त्याला नोकरीत जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि मी जिल्ह्यातला जुना माणूस. तो म्हणाला, “तकलीफ नका करून घेऊ सर. बघतो मी.” त्यानंतर त्या सामन्यात त्याचा हात त्या खुणेसाठी वर गेला नाही. शहरातल्या त्या पंचाचं वाक्य मी शब्दाशब्दानं याच्या तोंडावर मारलं होतं, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा गुण बरोबरीत होते. आमच्या कप्तानचे पाच फाउल भरून ती बाहेर आली. मी बाकावर बसलेल्या त्या मुलीकडं बघितलं. ती उठली, केस बांधले. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून मी एवढंच म्हणालो, “उभी राहू नको.”

समोरची सर्वांत दांडगी मुलगी चेंडू घेऊन आली. ही वाटेत उभी राहिली. धडक झाली नव्हती, होणार होती इतकंच. तेवढ्यात ही पडली. इतकं अंग सोडून पडली की सिमेंटवर दोन्ही कोपरं आपटल्याचा आवाज बाकापर्यंत आला. शिट्टी वाजली. फाउल समोरच्या मुलीवर. चेंडू आमचा.

आणि जाळीच्या फाटकातून तिचा बाप पळत आत आला. एक चप्पल बाहेरच राहिली होती. तो थेट कोर्टाच्या मधोमध तिच्याजवळ बसला, तिचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

“बाई, कुठं लागलं? कुठं लागलं सांग मला.”

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले होते. पंचाची खूण पुरी व्हायची होती. मीच तसं शिकवलं होतं.

“अगं बोल ना. बाई!” त्याचा आवाज फाटला. सगळे खेळाडू, सगळे मास्तर जागच्या जागी थांबले होते.

मग तिनं डोळे उघडले. “काही न्हाई बाबा. उठा तुमी. खेळ चालू हाय.”

“पण लागलं कुठं?”

“लागलं न्हाई. तसंच पडाव लागते.”

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं बघितलं. उठला, शर्टाला लागलेली धूळ झटकली आणि एकाच पायात चप्पल घालून तसाच जाळीबाहेर गेला. त्या चेंडूवर आम्ही गुण केला आणि जिंकलो. मुली मला गराडा घालून ओरडत होत्या. बक्षीस घ्यायच्या वेळी मी जाळीकडं पाहिलं तर तो गेलेला होता.

आठवड्यानं सेनगावच्या स्टँडवर त्याची जीप दिसली. मी मुद्दाम जाऊन पुढच्या सीटवर बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण आधी तोच बोलला. लाजल्यासारखा हसत म्हणाला, “सर, त्या दिवशी म्या आपलं येड्यावानी पळालो. लोकायसमोर पोरीची अन् तुमची शोभा झाली. मला कुठं खेळातलं काही कळते.” त्यानं माझी माफी मागितली. मी “नाही नाही, असू द्या” म्हणालो. हिंगोलीला भाडं देऊन उतरलो.

विभागीय स्पर्धेला गेलो, तर सामन्याआधीच्या बैठकीत सांगण्यात आलं की यंदा नाटक करणाऱ्यांवर कडक कारवाई होणार, पंचांना तशी सूचना आहे. मी मुलींना गोळा करून म्हणालो, “आज कोणी पडायचं नाही. उभ्या राहून खेळा.” पण वर्षभर रोज पडलेल्या मुली एका सकाळीत उभ्या कशा राहणार? धक्का आला की त्यांचं अंग आपसूक मागं जायचं. पहिल्याच डावात एक ताकीद आणि दोन टेक्निकल झाले.

दुसऱ्या डावात समोरची एक मुलगी जोरात घुसली आणि आमची ही तिच्या वाटेत होती. दोघी धडकल्या. ही मागं फेकली गेली, आणि पडताना उजवा हात तिच्या अंगाखाली आला. गेल्या वर्षीचाच पंच होता. त्यानं शिट्टी वाजवून कोपरापासून हात दोनदा वर केला. बाकावरून मी ते बघितलं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो. मला वाटलं, किती छान पडली, पण आजच कशाला पडली.

ती उठली. जवळजवळ दोन मिनिटं एका हातानं खेळत होती. चेंडू डाव्या हातानं झेलायला गेली आणि तो सुटला, तेव्हा मी तिला बाहेर बोलावलं. मनगट सुजून कोपरासारखं गोल झालं होतं.

“सांगितलं काहून नाही?” मी तिच्याच बोलीत ओरडलो.

ती म्हणाली, “तुमाला नाटक वाटलं असतं.”

मी मनगटाला पट्टी बांधली, बर्फ लावला. मुरगळलं असेल म्हणालो. परत येताना ती हात मांडीवर ठेवून झोपली होती, म्हणून मला वाटलं बरं आहे. चौथ्या दिवशी बापानं तिला हिंगोलीला नेलं तेव्हा हाड मोडल्याचं कळलं. प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण थोडं वाकडं. तळहात पूर्ण वर करता येत नाही.

तिला पोलीस भरतीत जायचं होतं. बारावीनंतर दोनदा गेली. धावण्यात चांगले गुण पडले. गोळाफेकीत गोळा रेषेच्या अलीकडंच पडला, दोन्ही वेळा. आता ती हिंगोलीत एका कपड्यांच्या दुकानात असते. मी एकदा गेलो होतो. तिनं मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, बायको-लेकरांची विचारपूस केली. साड्यांच्या घड्या ती डाव्या हातानं घालत होती. खेळाचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायला गेलो होतो, पण गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो. गिऱ्हाईक आलं नसतं तरी उठलोच असतो, असं वाटतं.

तो तरुण शिक्षक आता पंच म्हणून येत नाही. एकदा फोनवर मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, “न्हाई सर. मला आता बघून कळत न्हाई.” त्यामुळं शिट्टी वाजवणारे तीनच उरलेत, आणि दरवर्षी मला बोलावणं येतं. मागं एका पंचांच्या शिबिरात कोणीतरी विचारलं, की शाळेच्या पातळीवर पडणाऱ्याला दंड करावा की करू नये, तुमचा अनुभव काय. मी नियम वाचून दाखवला आणि खाली बसलो. दंड केला नाही तर पोरं पडायला शिकतात. दंड केला तर खरं लागलेलं लेकरू उठून खेळायला लागतं. मी दोन्ही बाजूंनी उभा राहून पाहिलेलं आहे.

यंदाच्या स्पर्धेत जवळा बाजारकडच्या एका संघातली मुलगी पडली. लहान होती, सातवी-आठवीतली असेल. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी मान बघायचा प्रयत्न केला होता, पण काय आधी गेलं ते सांगता येईना. मी घड्याळ थांबवलं आणि तिच्यापाशी जाऊन वाकलो.

“उठता येतं का गं?”

तिनं मान वळवून आधी बाकावर बसलेल्या आपल्या सरांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते. ती तशीच पडून राहिली, आणि मी तिच्या उत्तराची वाट बघत वाकून उभा राहिलो.

मग मी कोणाच्याच नावावर काही न लावता, बाजूच्या रेषेवरून चेंडू आत द्यायला सांगितलं. दोन्ही बाकांवरून माझ्या नावानं ओरडा सुरू झाला. ती उठली, दोन पावलं लंगडली आणि पळायला लागली.